हनुवटीखालचा पट्टा

आमच्या ह्यांच्याबद्दल माझी तक्रार एकच आहे, पण ती मोठी आहे. ह्यांना जगातली एकही वस्तू धड वाटत नाही. डबा उघडला नाही तर झाकण हलक्या प्रतीचं. शर्टाचं बटण लागलं नाही तर काजं करणारा आंधळा. अक्षर वाकडं आलं तर पेनाची शाई पूर्वीची राहिलेली नाही. पूर्वी हे इतके नव्हते. पूर्वी मला नावं ठेवून भागायचं. गेली एक-दोन वर्षं मात्र बाटलीच्या बुचापासून नळाच्या तोटीपर्यंत सगळ्यांवर ह्यांचा राग, आणि तो राग ऐकायला मी एकटी. बाटलीला कान नसतात, तिचं बरं आहे.

तर असा माणूस घेऊन मला हेल्मेट विकत घ्यायला जायचं होतं.

मुळात हेल्मेट होतं. जुनं, पण होतं. हे ते डोक्यावर टोपीसारखं ठेवायचे आणि पट्टा दोन्ही बाजूंनी लोंबत सोडायचे. मी म्हणायचे, अहो, पट्टा लावा. हे म्हणायचे, गळ्याला काचतो. मग एक दिवस इमारतीच्या फाटकाशीच वाळूवरून चाक घसरलं आणि मोटरसायकल आडवी झाली. ह्यांना काही झालं नाही, गुडघा खरचटला तेवढाच. पण हेल्मेट जे डोक्यावरून सुटलं ते गडगडत गडगडत रस्ता ओलांडून समोरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानात शिरलं. इस्त्रीवाला ते हातात घेऊन आला आणि म्हणाला, काका, हे तुमचं राहिलं. मी खिडकीतून बघत होते. रिकामं हेल्मेट रस्त्यावरून जाताना बघितलं की बायकोच्या मनात काय येतं, ते मी इथे लिहीत नाही.

हे सगळं आणखी एका माणसाने बघितलं. आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. आयुष्यभर विम्याच्या कचेरीत अपघातांची कागदपत्रं तपासली, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा शेवट इस्पितळात कसा होतो हे त्यांना पाठ आहे. इमारतीत त्यांना सगळे अनुभवी म्हणतात. अनुभवींनी तो प्रसंग त्याच दिवशी आमच्या मुलाला फोन करून कळवला. मला विचारलं नाही. माझ्या घरातली बातमी माझ्या मुलाला माझ्या आधी देणारा हा कोण, असं मला वाटलं, पण तेव्हा मी गुडघ्याला मलम लावत होते.

आमचे चिरंजीव दुसऱ्या गावी नोकरीला असतात आणि तिथून फोनवर आमचा संसार चालवतात. त्यांनी फर्मान काढलं. नवीन हेल्मेट घ्यायचं, पट्टा रोज लावायचा, आणि पट्टा सुटलेला पुन्हा कुणी बघितला तर सुट्टीत येऊन मोटरसायकल विकून टाकणार. गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय म्हणाले. आणि आई, तू मला रोज सांगत जा, लावला की नाही ते.

आता मोटरसायकल गेली तर ह्यांचं काय होईल ते सोडा. माझं काय? माझी थोरली बहीण गावाच्या पार दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळून आहे. तिकडे धड बस जात नाही, रिक्षावाला नाव ऐकूनच मान हलवतो. दर आठवड्याला मी ह्यांच्या मागे बसते आणि ताईकडे जाऊन तिची वेणी घालून येते. ती गाडी म्हणजे माझे पाय आहेत. तेव्हा चिरंजीवांना मी म्हटलं, सांगत जाईन. आणि रोज संध्याकाळी सांगत गेले. खरं तेच सांगितलं. तिखटमीठ लावलं असेल, पण खऱ्यालाच लावलं.

हेल्मेट घ्यायचं ठरल्याबरोबर अनुभवी खाली आले. हेल्मेट महत्त्वाचं नाही वहिनी, म्हणाले, बंद महत्त्वाचा. मग त्यांनी माझ्याच पिशवीचा बंद घेऊन मला तासभर शिकवण दिली. त्यातून मला कळलं ते इतकंच, की हनुवटीखालचे पट्टे तीन जातींचे असतात. एक दोन कड्यांचा. पट्टा दोन्ही कड्यांतून वर न्यायचा आणि उलट फिरवून एकातून परत आणायचा. हा सगळ्यात पक्का, कारण तो लावेपर्यंत माणसाचा बाहेर जायचा उत्साह मावळतो आणि अपघात टळतो. दुसरा खटक्याचा. शाळेच्या दप्तराला असतो तसा. खट्ट करून लावायचा, मधलं तांबडं बटण दाबून सोडायचा. तिसरा दातेरी. दात असलेली पट्टी कुलपात सरकवायची, करकर करत जितकी हवी तितकी आवळते, आणि सोडताना एक तांबडी फीत चिमटीत धरून ओढायची. अनुभवींचं मत दोन कड्यांच्या बाजूने होतं. त्यांच्या बायकोचं मत खटक्याच्या बाजूने होतं. त्यांच्याकडे दोन्हींपैकी एकही हेल्मेट नाही. ते दोघे पायी फिरतात.

दुकानात गेलो. दुकानदार गोड बोलणारा होता. आधी त्याने ह्यांच्या डोक्याला टेप लावली आणि माप घेतलं. मग म्हणाला, हेल्मेट गालाला लागलं पाहिजे, काका, डोकं हलवलं की ते सोबत हललं पाहिजे, वेगळं हलता कामा नये. मला हे पटलं. संसारातसुद्धा असंच असतं, पण तिथे माप घेणारा दुकानदार नसतो.

दोन कड्यांचं आणलं. ह्यांनी पट्ट्याचं टोक दोन बोटांत धरलं, कड्यांकडे बघितलं, पट्टा खाली सोडला आणि म्हणाले, हा बैलाचा प्रकार आहे. खटक्याचं आणलं. ते डोक्यावर चढवलं, दुकानदाराने खट्ट करून लावून दिलं, काढा म्हणाला. ह्यांनी बटणाला हात लावला आणि लगेच म्हणाले, बटण निबर आहे, कंपनी चोर आहे. दुकानदाराने आपल्या एका बोटाने ते सोडवलं. हे म्हणाले, तुमची सवय आहे हो. दातेरी आणलं. फीत बारीक आहे. दुसरं दातेरी. फितीचा रंग भडक आहे. मग पुन्हा पहिलं मागितलं, आणि ते पुन्हा बैलाचंच निघालं. काउंटरवर हेल्मेटांचा ढीग झाला. मागे उभी असलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. नवरा चिकित्सक असला की लोक बायकोकडे का बघतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

शेवटी मी चिडले. म्हटलं, कसलं काढता येत नाही, मी दाखवते. आणि त्यातलं एक दातेरी हेल्मेट उचलून सरळ माझ्या डोक्यावर घातलं. माझा अंबाडा मध्ये आला म्हणून जोरात दाबलं. पट्टी सरकवली. करकर करत ती जी गेली ती माझ्या दुहेरी हनुवटीत रुतून बसली. फीत कुठे आहे ते मला दिसेना, कारण स्वतःची हनुवटी स्वतःला दिसत नाही. दुकानदार तेवढ्यात आत गोदामात गेलेला. मी ह्यांना म्हटलं, अहो, ती फीत ओढा. हे माझ्याजवळ आले. फितीकडे बघितलं. दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, असल्या फालतू वस्तूला मी हात लावत नाही.

इतक्या वर्षांचा संसार, आणि बायको गळफास लागल्यासारखी उभी असताना ह्यांनी वस्तूची प्रत बघितली. दुकानदार येईपर्यंत मी हेल्मेटात होते. आतून बाहेरचं ऐकू कमी येतं, पण हसणं ऐकू येतं.

त्या अपमानानंतर मी चर्चा बंद केली. माझ्या डोक्यावरून काढलं तेच, ह्यांच्या मापाचं, बांधून द्या म्हटलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून चमत्कार झाला. हे हेल्मेट काखेत घेऊन खाली जायचे आणि फाटकातून बाहेर पडताना मी खिडकीतून बघावं, तर पट्टा लावलेला. घट्ट, नीट, हनुवटीखाली. मी संध्याकाळी चिरंजीवांना सांगितलं, की बाबा, पालथ्या घड्यावर पाणी ठरायला लागलंय. मला वाटलं जिंकले मी.

मग हे हेल्मेट घालूनच घरात यायला लागले.

रोज नाही, कधीकधी. दार उघडावं तर समोर हेल्मेट. तसेच आत यायचे, खुर्चीत बसायचे, समोरची काच वर करून वर्तमानपत्र वाचायला लागायचे. मी म्हटलं, काढा ते. तर म्हणाले, राहू दे, तूच म्हणतेस ना, घाला घाला. मी चहा दिला. चहासुद्धा तसाच प्यायले, बशी काचेखालून आत सरकवून. मग थोड्या वेळाने, जरा खाली जाऊन येतो म्हणून जायचे आणि परत यायचे ते हेल्मेट हातात घेऊन. माझी खात्री झाली की हा सत्याग्रह आहे. मी हेल्मेट घ्यायला लावलं म्हणून हे मला डोळ्यांसमोर हेल्मेट दाखवून सूड घेत आहेत. मीही काही कमी नाही. मी दुर्लक्ष केलं. एकदा तर मी त्यांच्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलले, जणू काही समोर माणूसच बसलाय.

पण आमच्या घराची खिडकी जिन्यावर उघडते. आणि जिन्यावरून जाणाऱ्यांना दिसायचं ते एवढंच, की काका घरात हेल्मेट घालून बसलेत आणि काकू मोठ्याने बोलतेय.

एका दुपारी अनुभवींची बायको आली. बसली. इकडचं तिकडचं बोलली. मग माझ्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांकडे बघत हळूच म्हणाली, की राग सगळ्यांनाच येतो, पण वय झालं की माणसाने हात आवरावा. मला आधी कळेना. मग तिने सांगितलं, की तिच्या ओळखीत एक बाई आहेत, त्या वस्तू फेकायच्या, पण रोज सकाळी दीर्घ श्वास घेतल्याने त्यांच्यात पुष्कळ सुधारणा झाली. भाऊजी बिचारे बोलून दाखवत नाहीत, पण सगळ्यांना दिसतं ना.

म्हणजे गावभर झालं होतं. मी लाटणं फेकते म्हणून नवरा घरात हेल्मेट घालतो. माझ्या जिभेबद्दल लोक काय बोलतात ते मला माहीत आहे, आणि ते मला मान्यही आहे, ती मी कमावलेली वस्तू आहे. पण हात? मी आयुष्यात माशीवरसुद्धा काही फेकलेलं नाही, नेम लागणार नाही म्हणून. मी अनुभवींच्या बायकोला दारापर्यंत पोचवलं आणि दार शांतपणे, अगदी कडीचा आवाज होऊ न देता लावलं. त्याचाही तिने अर्थ काढला असणार.

त्याच आठवड्यात बँकेतून फोन आला. कुणीतरी बाई अगदी दबक्या आवाजात म्हणाली, की तुमचे मिस्टर इथे आहेत, ते हेल्मेट काढायला तयार नाहीत, आणि आम्हाला शटर अर्धं ओढावं लागलंय.

मी होते तशी निघाले. पायात स्वयंपाकघरातल्या सपाता होत्या, हे मला रिक्षात बसल्यावर दिसलं.

बँकेचं शटर खरंच अर्धं खाली होतं. वाकून आत जावं लागलं, त्यात माझी कंबर कशी बोलली ते वेगळं. आत हे एका स्टुलावर बसलेले. डोक्यावर हेल्मेट, काच खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर, एखाद्या पुतळ्यासारखे. बाजूला बंदूकवाला रखवालदार. त्याची बंदूक ह्यांच्यावर रोखलेली नव्हती, पण लांबही नव्हती. भिंतीवर पाटी, चेहरा झाकून आत येण्यास मनाई आहे. पाटी ह्यांच्या बरोबर डोक्यावर होती.

मॅनेजर तरुण होता. मला आजी म्हणाला. मी त्याला तिथेच थांबवलं आणि सांगितलं, बाई म्हणालात तरी चालेल. मग त्याने सगळी हकिगत सांगितली. हे आत आले, सहीचं काहीतरी काम होतं. रखवालदाराने हेल्मेट काढा म्हटलं. हे म्हणाले, नाही काढत. कारण विचारलं, तर म्हणाले, तुमचा नियम चुकीचा आहे. ओळखपत्र मागितलं, तर ते काढून दिलं, पण त्यातल्या फोटोत हेल्मेट नाही, मग जुळवायचं कशाशी? काच वर करा म्हटलं. काच वर केली, तर नाक आणि डोळे जुळले, पण नियमात पूर्ण चेहरा आहे. बाहेर जा म्हटलं, तर म्हणाले, माझं खातं इथे तुमच्या जन्माच्या आधीपासून आहे. आता मुख्य कचेरीला कळवायचं की पोलिसांना, हे ठरवायला मॅनेजरने मला बोलावलं होतं. त्याची चूक नव्हती. ह्यांचं काय करायचं हे मलाही लग्न झाल्यापासून ठरवता आलेलं नाही.

मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. बोलायचं पुष्कळ होतं. शटर, सपाता, लाटणं, अनुभवींची बायको, सगळं ओळीने तयार होतं. तेवढ्यात काचेच्या आतून ह्यांचा आवाज आला. इतका हळू, की मला वाकावं लागलं.

"अगं, निघत नाही."

"काय निघत नाही?"

"फीत. अंगठ्यात जोर नाही राहिला."

आणि ह्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर पुढे केले. अंगठ्यांची मुळं सुजून पुढे आली होती, उजव्याचं जास्त. मी रोज ह्या हातांत चहा देते. दोन्ही वेळा देते. हात बघितले नव्हते, कप बघितला होता.

मग सगळं एकामागून एक समजायला लागलं. डब्याचं झाकण चांगलं होतं. काजं चांगली होती. पेनातली शाई पूर्वीचीच होती. मोटरसायकलच्या किल्लीला ह्यांनी एवढा मोठा लाकडी दांडा का बांधलाय, तेही समजलं. आणि हल्ली हे हॉर्न वाजवत नाहीत म्हणून इमारतीत ह्यांचं जे कौतुक चाललं होतं, त्याचंही कारण तेच. हॉर्न अंगठ्याने वाजतो. म्हणे नाचता येईना अंगण वाकडं. ही म्हण मी सुनेपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलीय, आणि माझ्याच घरात रोज अंगण वाकडं होत होतं.

म्हटलं, मग रोज पट्टा कोण लावतं? तर फाटकावरचा वॉचमन. सकाळी तो लावायचा, परत आल्यावर तो काढायचा. तो जेवायला गेलेला असला की हे तसेच वर यायचे, चहा घ्यायचे, आणि त्याचं जेवण झालं असेल असा अंदाज बांधून परत खाली जायचे. बँकेत कुणाला सांगावं, तर चारचौघांत, मला माझ्या डोक्यावरची वस्तू काढता येत नाही, हे कसं सांगणार.

"मला का नाही सांगितलंत?"

हे म्हणाले, "तू संध्याकाळी फोनवर सांगितलं असतंस."

सांगितलं असतं, तिखटमीठ लावून.

मागे मॅनेजर, रखवालदार, काउंटरवरच्या मुली, सगळे बघत होते. मी वळून मॅनेजरला म्हटलं, ह्यांनी हेल्मेट काढलं नाही ते माझ्यामुळे. मी सांगून ठेवलंय, की मी काढल्याशिवाय काढायचं नाही. आमच्या घरात माझा शब्द चालतो. मॅनेजरने ह्यांच्याकडे अशा काही दयेने बघितलं, की लाटण्याची बातमी आता बँकेपर्यंत पोचली हे मला दिसलं. पोचू दे. ह्यांच्या अंगठ्याची पोचण्यापेक्षा ती बरी.

मग मी ह्यांच्या हनुवटीखाली हात घातला. फीत सापडेना. चष्मा घरी. रखवालदार मदतीला पुढे झाला, त्याला मी डोळ्यांनीच जागेवर बसवलं. चाचपडत चाचपडत फीत सापडली, ओढली, करकर करून पट्टी सुटली आणि हेल्मेट वर आलं. आतून ह्यांचं डोकं बाहेर आलं, घामाने चिकटलेले केस, गालांवर वळ, हनुवटीवर पट्ट्याची लाल रेघ. मॅनेजरने फोटो जुळवला. जुळला म्हणाला. मला विचारलं असतं तर मी म्हणाले असते, पुष्कळ फरक पडलाय.

सही करताना ह्यांनी पेन मुठीत धरलं. मी मुद्दाम पाटी वाचत राहिले.

बाहेर मोटरसायकल उभी होती. हे तिच्याकडे गेले नाहीत. माझ्या बाजूलाच उभे राहिले, फर्मान ऐकायला माणूस उभा राहतो तसे. मी माझं मनगट पुढे केलं आणि म्हटलं, हा ब्रेक आहे, दाबा. हे इकडेतिकडे बघायला लागले. रस्त्यावर माणसं होती. म्हटलं, लाज नंतर वाटून घ्या, आधी दाबा. ह्यांनी चार बोटांनी माझं मनगट धरलं आणि दाबलं. चांगलं दाबलं. हाड दुखलं. मग दुसरं मनगट, हा क्लच. तोही लागला. अंगठा मात्र दोन्हीकडे नुसता बाजूला पडून होता, लग्नघरातल्या आळशी पाहुण्यासारखा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, की ह्या वयात ही दोघं भर रस्त्यात हात धरून उभी आहेत. वाटू दे. लाटण्यापेक्षा हे बरं.

"आता चिरंजीवांना सांगणार?" ह्यांनी विचारलं. हेल्मेट पोटाशी धरलेलं.

खरं सांगायचं तर मी दमले होते. हेल्मेटाने, दुकानाने, अनुभवींनी, शटराखालून वाकून. रिक्षा येताना दिसली, तिला मी हात केला. मग ह्यांच्याकडे वळले आणि जे ठरवलं होतं ते एका दमात सांगून टाकलं.

"आज गाडी इथेच राहील. आपण दोघं आत्ता डॉक्टरकडे जातोय, आणि तिथे अंगठा दाखवायचा, औषधाला नावं ठेवायची नाहीत. ते चालवा म्हणाले तर चालवायची, नको म्हणाले तर नको, ताईकडे मी चालत जाईन. चिरंजीवांना तुम्ही स्वतः सांगायचं, मी जवळ बसेन आणि तोंड उघडणार नाही. हे सगळं मी तुम्हाला माफ केलं. पण एक गोष्ट माफ केलेली नाही. संसार माझ्याशी केलात, आणि रोज सकाळी डोळे मिटून हनुवटी वर करून उभे राहायचात ते वॉचमनपुढे. पुन्हा असं केलंत ना, तर खरंच लाटणं फेकीन. बसा आत."